बिनशिवणीचा स्वेटर

१२ जानेवारी, सकाळ

झोप नाही झाली. काल पण नाही, परवा पण नाही. का नाही ते लिहून ठेवते. बाळ झोपलं की त्याचं पोट खालीवर होतंय का ते बघावं लागतं. होतं. पण समजा व्हायचं थांबलं, तर घरात कुणीतरी जागं नको का? सासूबाईंना रात्रीचं दिसत नाही आणि दिवसा बघितलेलं काही पटत नाही. हे ट्रकवर, एकदा गेले की महिना महिना तिकडेच. राहिले मी. म्हणून मी बघते. घाबरते वगैरे काही नाही. नुसती बघते.

ही डायरी ह्यांना कंपनीतून फुकट मिळाली. आठवीनंतर मी काही लिहिलेलं नाही. चुकलं तरी बिघडत नाही, वाचणारं कोणी नाही.

१२ जानेवारी, दुपार

काल बाळाला वजनाला नेलं होतं. नर्सबाई म्हणाल्या कमी आहे. सात फेब्रुवारीला परत आण, तेव्हाही नाही वाढलं तर हॉस्पिटलात ठेवावं लागेल. मी विचारलं कुणाला. म्हणाल्या बाळाला, आणि जमलं तर तुला पण, तुझे डोळे बघ आरशात.

मग भरपूर बोलल्या. तू जेवतेस का, तू झोपतेस का, आईच्या पोटात नसेल तर बाळाच्या कुठून येणार, माहेरचं कोणी आहे का मदतीला. मी म्हटलं भाऊ आहे, पण असून नसल्यासारखा. एवढ्या सगळ्यात कामाचं एकच बोलल्या. एवढ्याशा जिवाची अर्धी ताकद अंग गरम ठेवण्यात जाते, थंडीचं नीट गुंडाळत जा.

म्हणजे सरळ आहे. वजन थंडी खाते. थंडी बंद केली की वजन राहिलं. इतकी साधी गोष्ट, एवढं शिकूनसुद्धा ह्या लोकांना नीट सांगता येत नाही.

१३ जानेवारी

थंडी कुठून शिरते ते सापडलं.

दादाने शिवून दिलेलं झबलं काढलं तर बाळाच्या कुशीला लांबलचक लाल रेघ. जिथे शिवण तिथे रेघ. शिवण म्हणजे काय, दोन कापडं भोकं पाडून जोडायची. भोकं म्हटली की वारा आला. दादा शिंपी आहे, चांगलं दुकान आहे, पण एवढं त्याच्या डोक्यात येणार नाही. आई गेली तेव्हा मशीन त्याच्याकडे गेलं आणि विणायच्या सुया माझ्याकडे आल्या. मशीनला डोकं नसतं.

दादाशी मी बोलत नाही. बाळाला पहिल्यांदा हातात घेतलं आणि काय म्हणाला तर, अगं हे तर बटणाएवढं आहे. सगळ्यांसमोर. नर्सबाई पण तेच म्हणतात, पण किलोमध्ये म्हणतात. वर माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, ये रे बटणा, तुझी आई टाचणी, मामा शिंपी, तू बटण, झालं दुकान पूर्ण. टाचणी मी. लहानपणापासून टाचणीच म्हणतो. मी तिथल्या तिथे सांगितलं, तुझी गरज लागेल तेव्हा फोन करीन, तोपर्यंत करू नकोस. दुसऱ्या दिवशी माझ्या मोबाईलचा नंबरच बदलला. आता तो करूच शकत नाही. बरं झालं.

१४ जानेवारी

ठरलं. बाळाला बिनशिवणीचा स्वेटर. एक सांधा नाही, एक बटण नाही, नाडी नाही, चेन नाही. बटण गिळतात, नाडी गुंडाळते, चेन चिमटते. माझ्या स्वेटरला ह्यातलं काहीच नसणार. वारा आला तरी त्याला दार सापडणार नाही.

डिझाईन माझं. आईची एक गोल सुई आहे, दोन टोकं आणि मधे वायर. तिच्यावर विणलं की नळीसारखं गोल गोल होतं, जोडायचं कामच नाही. खालून पोटाची नळी, दोन बाह्यांच्या दोन बारीक नळ्या, काखेत तिन्ही एकत्र, मग वर गळ्यापर्यंत टाके कमी करत जायचं.

बाळाचा झाला की ह्यांचा, मग सासूबाईंचा. ह्या घरात शिवण ठेवणार नाही.

फिटिंगसाठी बाळाचं माप दोऱ्याने घेतलं. चार लाल दोरे. छाती, हात, मनगट, मान. अगदी बरोबर कापून देवळीतल्या खिळ्याला टांगले. डोकं मोजलं नाही. टोपी थोडीच विणतेय.

१५ जानेवारी

लोकर हवी होती. ह्यांचा जुना निळा स्वेटर उसवला. कोपरात विरलाच होता. सासूबाईंनी विचारलं, हे काय उसवतेस. म्हटलं जुनं काहीतरी. म्हणाल्या, नवऱ्याच्या अंगावरचं काढून पोराच्या अंगावर घालणार, वा. दिसत नाही म्हणतात, आणि हे बरं दिसलं.

१६ जानेवारी

ह्यांचा फोन. म्हणाले इकडे गारठा लई आहे, कुणीतरी येणार आहे त्याच्याबरोबर माझा निळा स्वेटर पाठव. म्हटलं धुवायला टाकलाय. वजन वाढलं का म्हणाले. म्हटलं वाढेल. म्हणाले वाढेल म्हणजे? म्हटलं मी व्यवस्था केलीय.

१७ जानेवारी

विणतेय. पाजताना पण विणता येतं, नुसतं कोपर जरा वर धरायचं. सासूबाई म्हणतात, अगं दोन घास खा, सुया पळून नाही जाणार. दुपारचं जेवायचं राहिलं. उद्यापासून वेळेवर जेवायचं. नक्की.

१९ जानेवारी

पोटाची नळी चांगली वीतभर झाली आणि मग दिसलं की पीळ पडलाय. पहिल्या ओळीचे टाके सुईवर घालून दोन टोकं जोडतात, तेव्हाच एक फेरा उलटा गेला होता. गोल विणायला लागलं की तो पीळ काही केल्या सुटत नाही, कितीही ओढा. हे मला माहीत होतं. आईने शिकवताना पहिलं हेच सांगितलं होतं. पण मी जोडत होते तेव्हा बाळाने जरा वेगळा श्वास घेतला म्हणून मी तिकडे बघितलं. ह्यात माझी चूक नाही.

उसवायचा जीव होईना. सासूबाईंना दिलं, म्हटलं तुमच्या गुडघ्याला स्पेशल केलंय, पीळ मुद्दाम आहे, पकड बसते. त्यांनी घातलं. म्हणाल्या, खरंच बरं वाटतंय गं. म्हणजे डिझाईन वाया गेलं नाही. सासूबाईंचं विणकाम आधी झालं, एवढंच.

२० जानेवारी

नवी नळी. आता ह्यांच्या स्वेटरच्या बाह्या पण उसवल्या. तसाही त्याला आता काय अर्थ होता.

२१ जानेवारी

पोट हलतंय का बघता बघता मोजलेले टाके विसरते आणि टाके मोजता मोजता पोट बघायचं राहतं. मग धसका बसतो. उपाय: पोटावर हात ठेवून विणायचं. एका हाताने विणता येत नाही.

२३ जानेवारी

नळी झाली, सरळ, पीळ नाही. एक बाही झाली. दुसरी बाही पहिलीपेक्षा जरा मोठी झाली. बाळ त्या कुशीवर झोपतं, तिकडचा हात दबतो, तो मोकळा राहायला नको का? मी आधीच विचार केला होता असं आता वाटतंय.

दुकानातून आणलेले कपडे बघितले, सगळे ढगळे. मानेपाशी सगळ्यांना फट. एवढी थंडी काय उगाच पडते का, सगळी गळ्यातून आत जाते.

२५ जानेवारी

आज मोठी आयडिया सुचली. शेवटचा भाग, काखेपासून गळ्यापर्यंत, बाळाच्या अंगावरच विणायचा. नळी पायाकडून वर चढवायची, बाह्या हातात घालायच्या, टाके सगळे सुईवर तसेच, आणि बाळ मांडीवर झोपलं की खांद्यावरून गोल गोल विणत मानेपर्यंत आणायचं. म्हणजे फट राहायचा प्रश्नच नाही. माप घ्या, परत घालून बघा, परत उसवा, काही भानगड नाही. दादा गिऱ्हाइकाला तीन वेळा ट्रायलला बोलावतो. माझं गिऱ्हाईक माझ्या मांडीवर.

सासूबाईंना सांगितलं. गुडघ्यावरची नळी जरा वर ओढली. मग म्हणाल्या, पोरगं आहे का उशी? आत घालून तोंड शिवतेस ते? म्हटलं शिवत नाहीये, शिवण नाही हाच तर मुद्दा आहे. म्हणाल्या, आणि काढणार कसा? मी म्हटलं, थंडीत काढायचा कशाला.

२७ जानेवारी

झाला.

सुयांची टोकं डोळ्यात तेल घालून सांभाळली. बाळ एकदाही उठलं नाही. गळा असा बसलाय की बघत राहावं, मानेला अगदी धरून, आणि माझी दोन बोटं आरामात जातात. फट नाही, वारा नाही. टाके बंद केले आणि शेवटचं टोक आत लपवलं. टोक बाहेर राहिलं तर बाळाच्या बोटाला गुंडाळतं, बोट निळं पडतं, असं मी एकदा कुठेतरी ऐकलंय. म्हणून टोक आडव्या ओळीतून नेलं, उभं नेलं, परत फिरवलं, मधे बारीक गाठी मारल्या, परत आत. आता कुणाच्या बापाला सापडणार नाही. मला पण नाही.

दादाने हे बघायला पाहिजे होतं. नको, कशाला.

२८ जानेवारी

ह्यांना फोनवर सांगितलं, स्वेटर झाला. म्हणाले, अरे वा, कुणाबरोबर पाठवतेस? त्यांना त्यांचाच वाटला. म्हटलं कुणी मिळालं की पाठवते. बाळाचा आहे हे सांगायचं राहून गेलं.

२९ जानेवारी

बाळाने दूध ओकलं, सगळं गळ्यावर. ओल्या फडक्याने पुसलं. आंघोळ नाही घातली, थंडी आहे. बाहीतून फडकं सारून काखा पुसल्या. बाटली घासतात तसं. निघतं सगळं.

सासूबाई म्हणाल्या, काढून धू. म्हटलं रोज काढून धुते, तुम्ही झोपता तेव्हा. देवाला पण एवढं खोटं चालत असेल. लहान मुलासाठी आहे.

३१ जानेवारी

वास यायला लागला म्हणून काढायला गेले.

निघत नाही.

हात आत ओढून घ्यावे तर कोपर अडकतं, बाह्या अंगाबरोबर. खालून वर ओढला तर हनुवटीला अडला. मागून ओढला तर कान आडवे आले. बाळ लाल झालं, मी सोडून दिलं. मग नीट बघितलं. बाळाचं डोकं त्याच्या मानेपेक्षा भलतंच मोठं आहे. मला कुणी सांगितलं नव्हतं. सगळ्याच बाळांचं असतं का? मोठ्या माणसाचं एवढं नसतं, मी आरशात बघितलं. दुकानातल्या कपड्यांना खांद्यावर बटणं का असतात ते कळलं.

हरकत नाही. टोक शोधायचं, गळा चार ओळी उसवायचा, काढायचा. विणलेल्याचं हेच तर चांगलं असतं, उसवता येतं. दादाला कापावं लागलं असतं.

१ फेब्रुवारी

टोक शोधलं. सकाळभर. सापडलं नाही.

२ फेब्रुवारी

सुईच्या टोकाने एकेक टाका उचलून बघितला. बाळाला ते गुदगुल्यांसारखं वाटतं, मान खाली घालतं, त्याला दोन हनुवट्या पडतात, आणि मला दिसायचं बंद होतं. हनुवट्या आधी नव्हत्या. एक गाठ सापडली असं वाटलं, ती लोकरीतली गुठळी निघाली. एवढं चांगलं काम करायला नको होतं. अती तिथे माती म्हणतात ते हेच.

उद्या दिवसाच्या उजेडात शोधायचं. आज पण दिवसच होता.

३ फेब्रुवारी

लोकर आकसतेय. मोठी बाही होती ना, ती मनगटाच्या वर गेलीय. लहान बाही तर पार अर्ध्यावर. जुनी लोकर असली की असंच, एकदा ऊन लागलं की गेली. पण ही उन्हात गेलेली नाही.

खिळ्यावरचा हाताचा दोरा काढून बाहीला लावला. बाही दोऱ्याएवढीच आहे. मग हाताला लावला. हाताला दोरा पुरेना. म्हणजे दोरा पण आकसला. आजकाल दोरासुद्धा खरा मिळत नाही.

४ फेब्रुवारी

गळ्यात दोन बोटं जायची, आता एकच जातं. ह्याला पण लोकरच.

५ फेब्रुवारी

लोकर ओली केली की सैल पडते, म्हणून गळा ओला केला आणि ओढला. सैल नाही पडला. आता ओली लोकर मानेला, आणि बाळ थंड. थंडी बाहेर ठेवायला विणला आणि आता थंडी आतच बसलीय. कोमट फडकी लावून वाळवत बसले. बाळ हसलं. मला हसू आलं नाही.

सासूबाई दारात उभ्या. म्हणाल्या, पोराला आंबट वास येतोय आणि तुझ्या अंगाला ओल्या लोकरीचा, चाललंय काय? म्हटलं काही नाही. म्हणाल्या, भावाला बोलव की गं एकदा, कापडातलं तुझ्यापेक्षा त्याला कळतं. म्हटलं, लोकर म्हणजे कापड नाही. म्हणाल्या, आणि भाऊ म्हणजे दुश्मन नाही. गुडघ्यावरची नळी सारखी करत निघून गेल्या.

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

ह्यांचा फोन. थंडीने दात वाजत होते, ऐकू येत होतं. म्हणाले स्वेटरचं काय झालं. मी म्हटलं आकसला. म्हणाले, बरं बाळ काय म्हणतंय. म्हटलं मजेत आहे. मग म्हणाले, आणि तू? मी म्हटलं भाजी करपतेय, ठेवते. भाजी केलीच नव्हती.

६ फेब्रुवारी

उद्या वजन. काळजीचं कारण नाही. नर्सबाई उघड्या अंगाने वजन करतात. पण मी हिशोब केलाय. स्वेटरला जेवढी लोकर लागली साधारण तेवढीच लोकर उरलीय, ती पिशवीत घालून न्यायची, आधी तिचं वजन करायचं आणि मग बाळाच्या वजनातून वजा करायचं. वजाबाकी तर कुणालाही येते.

आज झोपायचं ठरवलं होतं. झोपले पण. मग झोपेत वाटलं की झोप लागली, म्हणून दचकून उठले.

७ फेब्रुवारी, दुपार

घाईत लिहितेय, अक्षर लागत नसेल.

नर्सबाईंनी बाळाला घेतलं आणि म्हणाल्या, जड झालंय की गं. मी म्हटलं लोकरीचं वजन आहे. म्हणाल्या, काढ कपडे. मी म्हटलं, काढायची सोय नाही. म्हणाल्या, म्हणजे? मी पिशवी पुढे केली आणि वजाबाकी सांगितली. रांगेतल्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, अगं बाई, सालासकट वजन करून सालं वजा करा म्हणते. नर्सबाईंना पण हसू आलं. हसत हसत त्यांनी बाळाच्या गळ्यात बोट घातलं.

आणि हसायचं थांबवलं.

बोट अडकत अडकत गेलं. म्हणाल्या, हा कधीपासून अंगावर आहे? मी म्हटलं नुकताच घातलाय. म्हणाल्या, खरं सांग. मी बाळाची बाही सारखी करत राहिले. त्यांनी मागे न बघता हात लांब केला आणि ट्रेमधली कात्री उचलली. लांब, टोकदार, चकचकीत. बाळ तिच्याकडे बघून पाय नाचवायला लागलं, मान इकडे तिकडे, आणि त्या मानेपाशी ते टोक. मला पुढचं दिसलं. झालं नव्हतं, पण मला दिसलं.

बाळाला उचललं आणि पळाले. एक चप्पल तिथेच राहिली. लोकरीची पिशवी काट्यावर राहिली. मागून नर्सबाई ओरडत होत्या, अगं थांब, कापायचा आहे फक्त स्वेटर. मग म्हणाल्या, उद्या सकाळी मी घरी येते, ऐकलंस का, सकाळी येते.

वजन झालंच नाही. लोकरीचं तेवढं झालं.

७ फेब्रुवारी, चार वाजता

उद्या सकाळ लांब आहे. गळ्यात आता नुसती करंगळी जाते. बाळ पिताना गिळलं की गळ्याची लोकर वरखाली होते, मला आवडत नाही ते.

मी कापते. मला काय, कात्री धरता येते. सासूबाई पलीकडे पडल्यात, त्यांना विचारायचं नाही, त्या सांगत होत्या पहिल्यापासून. बाळ झोपलंय. मान सैल आहे. एक टाका कापला की पुढचा सुटतो. पाच मिनिटांचं काम.

७ फेब्रुवारी, थोड्या वेळाने

कात्री मानेपाशी नेली तर माझ्या हातात वाजायला लागली. खुळखुळ्यासारखी. डाव्या हाताने उजवा हात धरला तर दोन्ही वाजायला लागले. बाळ झोपेतच आवाजाकडे वळलं. मी कात्री कपाटावर टाकली, लांब, मागे, माझा हात पोचणार नाही अशी.

इतक्या रात्री त्याचं पोट बघत जागी राहिले, त्याला काही होऊ नये म्हणून. आणि गळ्याला विणलं ते मीच.

७ फेब्रुवारी, पुन्हा

दादाला फोन लावला. दादाचा हात असा आहे की रडणाऱ्या, पळणाऱ्या पोराच्या अंगावर कपडा ठेवून कापतो आणि पोराला कळत नाही. मी बघितलंय. लहानपणी माझ्या वेणीत च्युइंगम अडकलं होतं, त्याने एक केस जास्तीचा कापला नाही. आईला कळलं पण नाही.

त्याने उचलला. माझा नंबर त्याच्याकडे नाहीच. म्हणाला, हॅलो, हां बोला, पँट उद्या देतो, शप्पथ, आज कारागीर आला नाही. मागे मशीन चालू होतं, आईचं. मी ते ऐकत राहिले. म्हणाला, हॅलो, बोला ना साहेब, बरं परवा नेता का? मला सांगायचं होतं की मी आहे, टाचणी. रडू आलं तर त्याला कळेल म्हणून ठेवून दिला.

दुसऱ्यांदा लावला. म्हणाला, साहेब, बरं आज रात्री देतो, आता खूश? ठेवला. तिसऱ्यांदा लावला असता तर त्याने बिचाऱ्याने कुणाची तरी पँट खरंच शिवून टाकली असती.

७ फेब्रुवारी, शेवटचं

छातीचा दोरा, मनगटाचा दोरा, मानेचा दोरा, सगळे काढून परत लावून बघितले. एकही पुरत नाही. सगळ्यांना बोटभर कमी पडतंय. दोरे खिळ्याला होते. धुतले नाहीत, भिजले नाहीत. मग आकसतील कसे. माझं डोकं चालत नाहीये, झोप नाही म्हणून. पण दादा रोज दोरा हाताळतो, त्याला विचारलं तर सांगेल. दोरा आकसला नसेल तर मग काय झालंय ते पण तोच सांगेल.

ही डायरी उघडी करून सासूबाईंच्या उशाशी ठेवतेय, वर त्यांचा चष्मा. सासूबाई, आधीच्या पानांत तुमच्याबद्दल आहे ते वाचू नका, हेच पान वाचा. नाहीतर सकाळी नर्सबाई येतील, त्या वाचतील. कुणीही वाचा. माझ्या दादाला फोन करा. मी नाही करायचा असं ठरवलंय, पण दुसऱ्याने केला तर माझ्याकडून मोडत नाही. नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे, मी खोडलाय पण वाचता येतो, खाली फक्त शिंपी लिहिलंय.

टाचणीकडून बोलतेय म्हणा, नाहीतर पँट उद्या देतो म्हणेल. म्हणा, बटण काजातून निघत नाहीये, त्याला कळेल. लहान कात्री आण म्हणा, बोथट टोकाची. आजच ये म्हणा. आणि आल्यावर स्वेटर कापला की बाळाला जरा वेळ धर म्हणा, पोट हलतंय का तेवढं बघत बस, मी इथेच आहे, दार उघडं ठेवलंय. फोन करा.